खिशातला आरसा

ऑक्टोबर १९२६. व्हिएन्नात विमा कंपनीत नोकरी करणारा, चाळिशीला टेकलेला एक गृहस्थ रस्त्यानं चालता चालता मध्येच थांबतो, खिशातून छोटा आरसा काढतो आणि आपलं नाक न्याहाळतो. नाकावर थोडी पावडर लावतो. चार पावलं जात नाही तोच पुन्हा आरसा बाहेर. आता पावडर जास्त झाली असं वाटतं, म्हणून ती पुसायची. पुन्हा नाक बघायचं. आरसा काढणं बरं दिसणार नाही अशा ठिकाणी दुकानांच्या काचा असतातच. नाकावरच्या तेलग्रंथी तुंबल्या म्हणून त्यानं त्वचेच्या डॉक्टरांकडून विजेच्या सुईचे उपचार करून घेतले होते, आणि त्या उपचारांनी आपल्या नाकाला कायमचा खड्डा पडला, याबद्दल त्याची पक्की खात्री झाली होती. एका बड्या प्राध्यापकाला नाक दाखवलं. आता यावर काही करण्यासारखं नाही, असं ऐकल्यावर या माणसाला जगणंच नकोसं झालं.

ज्या डॉक्टरीणबाईंकडे तो शेवटी पोहोचला, त्यांनी नोंदवून ठेवलंय की त्या नाकावर दिसण्यासारखं काहीही नव्हतं.

हा माणूस मनोविश्लेषणाच्या इतिहासात ‘वुल्फ मॅन’ म्हणून प्रसिद्ध आहे. खरं नाव सर्गेई पांकेयेव. जमीनजुमला असलेल्या रशियन घराण्यातला; क्रांतीत सगळं गेलं आणि व्हिएन्नात नोकरी करायची वेळ आली. पहिल्या महायुद्धाच्या आधी स्वतः फ्रॉइडनं त्याच्यावर चार वर्षं उपचार केले होते आणि लहानपणी त्याला पडलेल्या झाडावरच्या लांडग्यांच्या स्वप्नावरून मोठा प्रबंध लिहिला होता. नाकाचं प्रकरण उद्भवलं तेव्हा फ्रॉइड स्वतःच आजारी होता. त्यानं पांकेयेवला आपली शिष्या रूथ मॅक ब्रन्सविक यांच्याकडे पाठवलं आणि १९२८ साली त्यांनी ही सगळी हकिकत छापली. त्यांच्या मते गोम होती ती फ्रॉइडशी न सुटलेल्या नात्यात. मेलेल्या माणसाचं निदान करू नये हे खरंच. तरीही आजचा मनोविकारतज्ज्ञ तो लेख वाचताना फ्रॉइडपाशी अडखळणार नाही, तो आरशापाशी थांबेल. हे चित्र आज कुठल्याही मोठ्या शहरातल्या दवाखान्यात पाहायला मिळतं.

खरं तर त्याच्याही पस्तीस वर्षं आधी, १८९१ मध्ये, एन्रिको मोर्सेली या इटालियन मनोविकारतज्ज्ञानं या दुखण्याचं वर्णन करून ठेवलं होतं. बोलता बोलता, जेवता जेवता, वाचता वाचता आपल्यात काहीतरी बेढब आहे या विचारानं माणूस एकदम पछाडला जातो, आणि तपासून बघितल्याशिवाय त्याला चैन पडत नाही. मोर्सेलीला यातलं दुःख नेमकं कळलं होतं. तरीही पुढची नव्वद वर्षं हे दुखणं पुस्तकांच्या तळटिपांतच राहिलं. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या निदानपुस्तिकेत १९८० साली त्याचा ओझरता उल्लेख आला, १९८७ मध्ये ‘बॉडी डिसमॉर्फिक डिसऑर्डर’ हे आजचं नाव मिळालं आणि २०१३ मध्ये त्याला मंत्रचळाच्या, म्हणजे ओसीडीच्या, कुटुंबात जागा मिळाली. थोडक्यात नाव बीडीडी. मुंबईकरांना या तीन अक्षरांवरून वरळीच्या चाळी आठवतील, त्याला इलाज नाही.

जागा बदलली हे महत्त्वाचं का? ओसीडी म्हटलं की पुन्हा पुन्हा हात धुणारे आणि कुलूप ओढून बघणारे लोक डोळ्यांसमोर येतात. बीडीडीचं यंत्र त्याच जातीचं आहे. इथे कुलपाच्या जागी चेहरा आहे, एवढाच फरक. निरनिराळ्या देशांतल्या पाहण्यांत साधारण शंभरात दोघांना हा त्रास आढळतो. त्या हिशेबानं अकरावी-बारावीच्या एका भरलेल्या वर्गात एखाद-दुसरं मूल निघावं. सुरुवात बहुधा याच वयात होते, आणि मुलं-मुली यांचं प्रमाण जवळपास सारखं असतं. हा ‘नटव्या पोरींचा’ आजार आहे, हा समज इथेच बाजूला ठेवावा.

आता कुणी म्हणेल, दिसण्याची काळजी कुणाला नसते? पंधराव्या वर्षी तारुण्यपीटिका मोजल्या नाहीत असा माणूस विरळा. त्यात आपल्याकडे दुसऱ्याच्या दिसण्यावर बोलायला परवानगी लागत नाही. लग्नघरात पाऊल टाकलं की सुरू होतं: ‘काय गं, काळवंडलीस अगदी!’ ‘केस गळायला लागले का रे एवढ्यात?’ ‘किती पुटकुळ्या आल्यात, पोट साफ होत नाही का?’ बोलणाऱ्या मावशींच्या मनात वाईट काही नसतं. ‘नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं’ ही म्हण वापरताना समोर बसलेल्या मुलीचं नाक कसं आहे, हे आपण बघत नाही. लग्नाच्या बायोडेटात उंचीच्या खाली वर्णाचा रकाना असतो, त्यात गोरा, निमगोरा, गव्हाळ यांच्या पलीकडे गाडी सरकत नाही, आणि सावळ्या मुलीचे आईवडीलही ‘गव्हाळ’ लिहून मोकळे होतात. १९७५ साली बाजारात आलेल्या ‘फेअर अँड लव्हली’ला २०२० मध्ये नाव बदलावं लागलं, वर्णाचा रकाना मात्र अजून शाबूत आहे.

पण या सगळ्याला आजाराचं कारण म्हणून मोकळं होणं मला पटत नाही. हेच टोमणे ऐकत वाढलेल्या बहुतेकांना बीडीडी होत नाही. ते चिडतात, खट्टू होतात, नवं क्रीम आणतात आणि कामाला लागतात. उपजत कल असलेल्या मुलाला चिडवाचिडवी जास्त खोल लागते, असं मात्र रुग्णांच्या हकिकतींतून पुन्हा पुन्हा दिसतं. ठिणगी बाहेरून पडू शकते, पण मुळात आत दारूगोळा असावा लागतो.

मग रेषा कुठे आखायची? २००५ साली ब्रिटनच्या ‘नाइस’ या आरोग्यसंस्थेनं डॉक्टरांसाठी जे मोजके प्रश्न सुचवले, ते मला या विषयावरच्या जाड पुस्तकांपेक्षा उपयोगी वाटतात. दिसण्याची खूप काळजी वाटते का, आणि ती कमी व्हावी असं वाटतं का? नेमकं काय खुपतं? साधारण एका दिवसात किती तास हा विषय डोक्यात असतो? त्यापायी काम, अभ्यास, मित्रमैत्रिणी यांचं काय झालं? दिवसाला तासाभराहून जास्त वेळ जात असेल, तर थांबून विचार करायचा. प्रत्यक्ष रुग्णांचे तीन ते आठ तास जातात. यात नाक कसं आहे हा प्रश्नच नाही, हे लक्षात घ्या. भाजल्याचा मोठा व्रण किंवा चेहऱ्यावरचं कोड यांचं दुःख खरं असतं, त्याला आधारही लागतो, पण ते बीडीडी नव्हे. वजनाच्या धास्तीनं जेवण तोडणाऱ्यांचा आजारही वेगळा. इथे व्यंग एकतर नसतंच, किंवा इतकं किरकोळ असतं की दुसऱ्याला दाखवून द्यावं लागतं.

एकोणीस वर्षांची एक मुलगी डोळ्यांसमोर आणा. ती कुणी एक नव्हे. अशा अनेकींच्या सकाळी मिळून ही सकाळ झाली आहे. साडेसहाला उठल्याबरोबर ती न्हाणीघरातल्या ट्यूबलाइटखाली डावा गाल बघते. तिथे एका जुन्या पुटकुळीचा खळगा आहे. मग खिडकीपाशी, उजेडात. मग मोबाइलवर फोटो, आणि दोन बोटांनी तो मोठा करून पाहणं. दहावीच्या निरोप समारंभातला फोटो काढून दोन्ही शेजारी शेजारी लावायचे. तेव्हा असा नव्हता. स्वयंपाकघरात जाऊन: ‘आई, खरं सांग, जास्त दिसतंय ना?’ आई पोळी उलटता उलटता म्हणते, ‘कुठं काय? मला तर काहीच दिसत नाही.’ जरा हायसं वाटतं. पण खोलीत परत येईपर्यंत मनात येतं, आई नीट बघतच नाही. शिवाय ती आई आहे, ती असंच म्हणणार. कन्सीलर लावायचा, तो थापल्यासारखा दिसतो म्हणून धुवायचा, पुन्हा लावायचा. तिसऱ्यांदा पुसल्यावर गाल लाल होतो. आता तिथे खरंच काहीतरी दिसतं. बस केव्हाच गेलेली असते. पुण्यात गाडीवर बसणाऱ्या मुली धूळ-उन्हासाठी चेहऱ्याला स्कार्फ गुंडाळतात, त्यामुळे हिचा स्कार्फ कुणाच्या डोळ्यांवर येत नाही. वर्गात पोहोचल्यावर मात्र ती डावा गाल भिंतीकडे राहील असं बाक शोधते. ते बाक गेलं असेल, तर आल्या पावली घरी.

घरच्यांना वाटतं, हिला आरशाचं वेड लागलंय. खरं तर आरशात बघून तिला एकदाही बरं वाटत नाही. लंडनचे मनोविकारतज्ज्ञ डेव्हिड व्हील यांनी अशा रुग्णांना आरशाबद्दल बारकाईनं विचारलं. आरशासमोरची त्यांची सर्वांत लांब बैठक सरासरी तासाच्या वर जात होती. दर वेळी ‘या खेपेला कदाचित बरं दिसेल’ अशी आशा असायची, आणि दर वेळी उठताना मन अधिक खचलेलं असायचं. पुढे त्यांच्या सहकाऱ्यांसोबत झालेल्या एका प्रयोगातली गोष्ट आणखी बोलकी आहे. हा आजार नसलेल्या माणसांनाही दहा मिनिटं आरशात टक लावून बसवलं, तेव्हा त्यांनाही आपलं दिसणं आधीपेक्षा खटकायला लागलं. आरशाजवळ डोळे नेऊन एकाच जागी बघत राहिलं, तर कुठलाही चेहरा बिघडतो. हे खाजेसारखं आहे: खाजवलं की क्षणभर बरं वाटतं आणि पुढची खाज जोरात येते. आईचं ‘काही दिसत नाही’ हेही त्याच खाजवण्यात मोडतं.

यामागे नजरेचाही भाग असावा. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिसच्या शाखेत जेमी फॉइसनर आणि सहकाऱ्यांनी २००७ साली मोजक्या रुग्णांना एमआरआय यंत्रात झोपवून चेहऱ्यांचे फोटो दाखवले. काही फोटो मुद्दाम धूसर केलेले होते. बारकावे नसलेला, नुसती ठेवण दिसणारा चेहरा पाहताना निरोगी माणसाचा मेंदू एकूण आकार टिपतो. रुग्णांच्या मेंदूत त्याही वेळी बारकावे टिपणारी यंत्रणाच जास्त काम करत होती. आणि ते चेहरे त्यांचे स्वतःचे नव्हते, परक्यांचे होते! म्हणजे प्रश्न केवळ स्वतःबद्दलच्या वाईट मताचा नाही. चेहरा अख्खा न दिसता तुकड्यातुकड्यांनी दिसत असेल, तर एखादा तुकडा बेढब वाटायचाच. आधी नजर तशी की आजारानं तशी झाली, हे मात्र या प्रयोगानं ठरत नाही.

त्यात आता हातातला कॅमेरा. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका गणितानुसार, साधारण ३० सेंटिमीटरवरून काढलेल्या फोटोत नाक दीड मीटरवरच्या फोटोपेक्षा जवळजवळ ३० टक्के रुंद दिसतं. तो निव्वळ अंतराचा परिणाम आहे, नाकाचा नाही. हाताच्या अंतरावरून काढलेली सेल्फी दाखवून ‘नाक असं का?’ विचारणाऱ्याला हे कुणी सांगितलेलं नसतं.

हे लोक मनोविकारतज्ज्ञाकडे येतात ते सगळ्यात शेवटी. आधी मेडिकलचं दुकान, मग ब्यूटी पार्लर, मग त्वचेचे डॉक्टर, दातांचे डॉक्टर, प्लास्टिक सर्जन. हा रस्ता किती महागात पडतो ते गोऱ्या रंगासाठी विकल्या जाणाऱ्या मलमांत दिसतं. हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि स्टिरॉइड यांचं मिश्रण असलेलं मलम शेजारणीच्या सांगण्यावरून आणलं जातं. पहिले काही आठवडे चेहरा खरोखर उजळतो. मग त्वचा पातळ होते, बारीक रक्तवाहिन्या दिसू लागतात, पुटकुळ्या येतात, लव वाढते. उन्हात आग होते. मलम बंद केलं की सगळं दुपटीनं उफाळतं, म्हणून बंदही करवत नाही. त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेनं वर्षानुवर्षं आरडाओरडा केल्यावर २०१८ साली केंद्र सरकारनं अशा बऱ्याच स्टिरॉइड मलमांना डॉक्टरांची चिठ्ठी बंधनकारक केली. चिठ्ठीशिवाय ती मिळतच नाहीत, असं म्हणण्याचं धाडस मी करणार नाही. बीडीडीच्या रुग्णाच्या बाबतीत यातली क्रूर गंमत अशी की, नसलेल्या डागामागे धावता धावता खरा डाग पदरात पडतो. नखांनी, चिमट्यानं त्वचा कोरत बसणाऱ्यांचंही तेच होतं.

शस्त्रक्रियेचा अनुभवही फारसा वेगळा नाही. त्वचेच्या आणि सौंदर्य-शस्त्रक्रियेच्या दवाखान्यांत येणाऱ्यांपैकी दहांत एखादा, काही ठिकाणी त्याहूनही जास्त, बीडीडीचा रुग्ण असतो, असं पाहण्यांत आढळलंय. नाक उत्तम झालं तरी त्यांचं समाधान बहुधा होत नाही. एकतर ‘आधीच बरं होतं’ असं वाटू लागतं, नाहीतर काळजी नाकावरून उठून हनुवटीवर जाऊन बसते. म्हणून ‘आधी मनाच्या डॉक्टरांना भेटा, मग बघू’ म्हणणारा सर्जन पेशंट गमावतो, पण सर्वांत चांगला सल्ला तोच देतो.

मुलग्यांमधला एक प्रकार आपल्या नजरेतून सहज निसटतो, कारण तो तब्येत कमावल्यासारखा दिसतो. हॅरिसन पोप आणि सहकाऱ्यांनी १९९७ साली त्याला ‘मसल डिसमॉर्फिया’ म्हटलं. चांगला धट्टाकट्टा जवान, पण त्याला आपण काडीपैलवान वाटतो. उन्हाळ्यातही एकावर एक दोन टी-शर्ट, लग्नाच्या पंगतीत स्वतःच्या डब्यातली उकडलेली अंडी, जिम चुकेल म्हणून परगावी जाणं टाळणं, आणि पुढे जिममधल्याच कुणीतरी दिलेली इंजेक्शनं. तालमीतल्या पैलवानाचं माप हौद्यात निघतं, रोजच्या रोज, दुसऱ्या माणसाशी भिडून. या मुलाचं माप फक्त आरशात निघतं, म्हणून ते कधी पुरं होत नाही.

हा आजार गंभीर का मानायचा, ते सांगायला हवं. अमेरिकेत रुग्णांच्या ज्या पाहण्या झाल्या, त्यांत सुमारे ८० टक्के रुग्णांच्या मनात कधी ना कधी मरणाचे विचार येऊन गेले होते आणि जवळपास एक चतुर्थांशांनी तसा प्रयत्न केला होता. एका पुटकुळीपायी कुणी जीव देतं का, असं म्हणणाऱ्यानं हे आकडे लक्षात ठेवावेत. कॉलेज सुटतं, नोकरी सुटते, माणसं तुटतात. पुटकुळी निमित्ताला उरते. घरात कुणी असं बोलत असेल, तर ‘नाटकं करू नको’ हे शब्द तोंडातून बाहेर पडू देऊ नयेत. ‘टेलि-मानस’ ही सरकारी दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास सुरू असते आणि तिथे मराठीत बोलता येतं.

उपचार आहेत, आणि ते बऱ्यापैकी लागू पडतात. औषधांत सेरोटोनिनवर काम करणाऱ्या, नैराश्यासाठीही दिल्या जाणाऱ्या गोळ्या वापरतात. कॅथरीन फिलिप्स या अमेरिकन तज्ज्ञ बाईंनी या आजाराला स्वतःची कारकीर्द वाहिली. २००२ साली त्यांनी प्रसिद्ध केलेल्या चाचणीत फ्लुऑक्सेटिन घेतलेल्यांपैकी ५३ टक्के रुग्णांना उतार पडला, तर नुसती बिनऔषधाची गोळी घेतलेल्यांपैकी १८ टक्क्यांना. पण इथे डोस बहुतेकदा नैराश्यापेक्षा जास्त लागतो आणि फरक दिसायला तीन महिनेही लागू शकतात. दोन आठवड्यांत ‘काही होत नाही’ म्हणून गोळ्या बंद करणारे फार.

दुसरा उपचार बोलण्याचा आणि करण्याचा, आणि त्यातला करण्याचा भाग मोठा. उपचार करणारी व्यक्ती गाल चांगला आहे हे पटवत बसत नाही. तो वाद कुणी जिंकत नाही. तपासणं कमी करायचं आणि टाळणं मोडायचं, ही दोन कामं. आरसा दिवसातून ठरावीक वेळाच, हातभर लांबून. उभं राहून डोक्यापासून पायापर्यंत अख्खं शरीर बघायचं आणि पोलीस पंचनाम्यात लिहितात तशा कोरड्या शब्दांत सांगायचं: केस काळे, खांद्यापर्यंत, कपाळ रुंद, नाक मध्यम, टोकाला थोडं गोल. ‘भयंकर’ नाही आणि ‘सुंदर’ही नाही. ‘सुंदर’ म्हणायला शिकवणं ही माझ्या मते हौशी समुपदेशकांची नेहमीची चूक आहे. त्यानं मन पुन्हा गुण द्यायलाच बसतं. मग पायरीपायरीनं बाहेर पडायचं. आधी कोपऱ्यावरच्या वाण्याकडे स्कार्फ न बांधता, मग बसमध्ये उजेडाच्या बाजूला, मग वर्गात मधल्या बाकावर. छाती धडधडते, लोक बघतायत असं वाटतं, आणि काही वेळानं धडधड आपोआप उतरते. हे स्वतः अनुभवावं लागतं, सांगून कळत नाही.

आईनं काय करायचं? ‘काही दिसत नाही’ हे शंभरदा सांगणं थांबवायचं, पण एकदम तोंड फिरवूनही नाही. उपचार करणाऱ्यांशी आधी बोलून एक वाक्य ठरवून घेतात: ‘गालाबद्दल मी उत्तर देणार नाही, आपलं ठरलंय ना, पण तुला त्रास होतोय हे मला दिसतंय, चल, चहा घेऊ.’ पहिले काही दिवस घरात आदळआपट होते, तिची तयारी ठेवायची. मुलगा डॉक्टरकडे यायला तयार नसेल तर नाकावरून हुज्जत घालू नये. त्याची झोप, बुडालेले तास, एकटं पडणं यांवर बोलावं. यासाठी मदत घ्यायला तो तयार होतो, कारण ते त्यालाही कबूल असतं.

आणि दवाखान्यात गेल्यावर एक गोष्ट न विसरता करावी. हे रुग्ण लाजेपोटी डॉक्टरांना नैराश्य सांगतात, झोप येत नाही हे सांगतात, दिसण्याचा विषय मात्र काढत नाहीत. डॉक्टरही विचारत नाहीत आणि निदान हुकतं. तोंडानं सांगणं जमत नसेल तर ‘मी रोज इतके तास आरशात घालवतो आणि त्यामुळे अमुक सुटलं’ असं घरूनच चिठ्ठीवर लिहून न्यावं, आणि केसपेपरसोबत टेबलावर ठेवावं.